बेगमीचं घर : कोलाड परिसरातल्या काटकसरीचा इतिहास

आजचा विषय इतिहासाच्या पुस्तकात सहसा स्वतंत्र प्रकरण म्हणून सापडत नाही. राजे, लढाया, करार, चळवळी यांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. पण हातात चार पैसे असताना घर कसं चालत होतं, आणि ते नुसतं चालत होतं की त्यात माणसं सुखानं राहत होती, याची नोंद फार कमी वेळा होते. आज आपण तोच प्रश्न एका लहान गावाच्या आधारानं विचारणार आहोत. गाव आहे रायगड जिल्ह्यातल्या रोहा तालुक्यातलं कोलाड.

कोलाड आज बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असतं. एक, मुंबई-गोवा महामार्गावरचं चहापाण्याचं ठिकाण म्हणून आणि दुसरं, कुंडलिकेच्या पाण्यात चालणाऱ्या राफ्टिंगमुळे. पण नदीच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं, वर डोंगरउतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, त्याच्याही वर जंगल, आणि खाली रोह्यापासून पुढे खाडी, अशी या भागाची जुनी रचना आहे. ही रचना डोळ्यांसमोर ठेवली, तर इथल्या घरखर्चाचा हिशेब समजायला सोपा जातो.

‘पूर्वी लोक थोडक्यात सुखी होते’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. त्यात काही तथ्य आहे का? आहे, पण अर्धं. ते अर्धं कुठलं आणि उरलेलं अर्धं काय, हे आज पाहू.

सुरुवात ‘बेगमी’ या शब्दापासून करू. कोकणात पाऊस चार महिने कोसळतो. पूर्वी ओढ्यांना पूर आला की वाट बंद, बाजार बंद. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे आगोटीला, घरात चार महिन्यांचं सगळं भरून ठेवायचं. कणगीत भात, मडक्यांच्या उतरंडीत वाल, कुळीथ, नाचणी. मीठ, मिरची, चिंच, आमसुलं. खारवलेल्या कैऱ्या, फणसाच्या आठळ्या, पापड, सांडगे. सुकट, जवळा, सुके बोंबील. पडवीत रचलेली लाकडं आणि शेणी. घर शाकारून झालेलं, कारवीच्या कुडाला शेणमातीचा हात फिरवून झालेला.

यात विकत घ्यायच्या वस्तू किती? मीठ, सुकी मासळी, थोडं तेल, गूळ, कापड. बाकी सगळं शेतातून, परड्यातून, रानातून. म्हणजे या घराचं अंदाजपत्रक रुपयांत मांडलं तर ते फार गरीब दिसतं, आणि पायली-मणांत मांडलं तर वेगळं दिसतं. मागच्या काळातल्या घराचं रोख उत्पन्न वाचून आपण ‘एवढ्यात कसं भागत असेल’ म्हणतो, तेव्हा हा फरक विसरतो.

शिवाय काही टाकून द्यायचं नाही, ही शिस्त. तांदूळ सडताना कण्या निघायच्या, त्यांची पेज. तूस-कोंडा गुराला, पेंढा गुराला आणि छपराला. जुन्या लुगड्यांची गोधडी. मराठीत ‘कोंड्याचा मांडा करणं’ हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. आणि त्यात नुसता नाइलाज नाही, कसबाचं कौतुकही आहे. निगुतीनं संसार करणारी बाई हे आपल्याकडे मोठ्या मानाचं विशेषण होतं.

आता सुखाकडे येऊ. पहिला जोरदार पाऊस पडला की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढत ओढ्यांत, शेतांत शिरतात. याला रायगडात वलगण म्हणतात. रात्री कंदील, टोपली, जाळं घेऊन निम्मं गाव बाहेर. त्यानंतर शेतातले मुठे. मग रानभाज्या : शेवळं, टाकळा, भारंगी, कुर्डू, कंटोळी. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडं घालायची, हे ज्ञान घरातल्या म्हातारीकडून सुनेकडे जायचं.

आणि थंडीत पोपटी. भात कापून झाला की खाचरात जी ओल उरते, तिच्यावरच वाल पेरतात. वेगळं पाणी लागत नाही. या वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, जमलं तर अंडी, कांदे-बटाटे, पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या पेटवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडायचं, ते चर्र झालं की पोपटी तयार. खर्च जवळजवळ शून्य, आणि शेताच्या बांधावर दहा-वीस माणसं हसत-बोलत बसलेली. हल्ली पोपटीची पार्टी पैसे देऊन करता येते. तिचा उगम मात्र असा आहे : जे शेतात आहे, जे बांधावर उगवतं आणि ज्याला कुणी किंमत लावलेली नाही, त्याचा सण.

इथवरचं चित्र ‘थोडक्यात सुखी’ याला पाठिंबा देतं. आता उरलेलं अर्धं.

पहिली गोष्ट कष्टाची. ही सगळी काटकसर कुणाच्या हातांनी होत होती? पहाटे जात्यावर दळण, मग उखळात भात सडणं, पाणी भरणं, लाकडांची मोळी, लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकणं, आणि संध्याकाळी पुन्हा चूल. रुपयांची बचत होत होती ती बाईच्या वेळेच्या हिशेबानं, आणि तो हिशेब कुणी मांडत नव्हतं. मागाहून जेव्हा गावोगाव भात भरडायची गिरणी आली, तेव्हा बायकांनी तिथे पैसे मोजले. बचतीच्या नियमानं पाहिलं तर हा जादा खर्च. पण त्या खर्चानं घरात काय परत आलं, हे ज्यांच्या हातांना घट्टे होते त्यांना विचारायला हवं.

दुसरी गोष्ट मालकीची. कणगीत भात भरला, पण तो कुणाचा? जुन्या कुलाबा जिल्ह्यात अनेक गावांत खोती होती. पिकाचा मोठा वाटा खोताकडे जायचा आणि वर वेठबिगार. खायला पुरेना म्हणून पावसाळ्यात सावकाराकडून भात उचलायचा, सुगीला तो सवाई-दिढीनं फेडायचा. अशा घरातली काटकसर ही निवड नव्हती. पेज पातळ करणं आणि निगुतीनं राहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार. तो १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावं त्यात होती. सहा वर्षं पीक नाही, म्हणजे बेगमी नाही. लाकूडफाटा विकून, मासे पकडून, मिळेल ती मजुरी करून घरं चालली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन गेले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. काटकसरीच्या इतिहासात चरीचं नाव कुणी घेत नाही. आम्हांला वाटतं, घ्यायला हवं. थोडक्यात राहण्याची जी सवय शतकानुशतकं अंगी होती, ती इथे लढाईच्या कामी आली.

आणि कातकऱ्यांचं काय? रोहा, पेण, सुधागड या पट्ट्यात कातकरी वाड्या आहेत. जमीन नाही, म्हणून कणगी नाही. पावसाळ्यात उचल घ्यायची आणि पाऊस सरला की कोळशाच्या नाहीतर विटांच्या भट्टीवर जाऊन ती फेडायची. रानभाज्या आणि मासे यांचं सर्वांत बारीक ज्ञान त्यांच्याकडे, आणि वर्षाची शाश्वती सर्वांत कमी. तेव्हा नुसतं ज्ञान आणि काटकसर असली की सुख येतं, असं म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट मुंबईची. आपल्याकडे टपालखात्याची मनीऑर्डर १ जानेवारी १८८० पासून सुरू झाली, आणि कोकणच्या घराला एक नवं चाक लागलं. पुरुष गिरणीत, गोदीत. बायको, म्हातारी माणसं, मुलं गावाला. महिन्याला येणाऱ्या थोड्या रुपयांत सावकाराचं देणं, मीठमिरची, कापड, गणपतीचा खर्च. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयानं १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली. तिच्यात दिसलं की निम्म्याहून जास्त कमाई पोटावरच जाते, आणि तरीही मिळणारं अन्न तुरुंगातल्या कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमी पडतं. आणि अशाच कमाईतून काहीजण गावी मनीऑर्डर करत होते! गावच्या घरातलं समाधान पुष्कळदा मुंबईतल्या खोलीत पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेलं असे.

मग हे चित्र बदललं कधी? आमच्या मते, वळण कायद्यानं आलं. १९४८ चा कूळ कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याचा हक्क मिळाला. सगळ्यांना जमीन मिळाली नाही, अनेकांच्या तोंडून घास काढून घेतला गेला. पण ज्यांना मिळाली त्यांच्या घरात तीच कणगी, तेच वाल, तीच पेज यांचा अर्थ बदलला. खोताचा माणूस खळ्यावर येणार नाही ही खात्री आली. आज आजी-आजोबा ज्या थोडक्यातल्या सुखाबद्दल सांगतात, ते पुष्कळदा याच पुढच्या दोन-तीन दशकांतलं असतं.

योगायोग असा की त्याच सुमाराला कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख हे देशाचे अर्थमंत्री होते, १९५० ते १९५६. देशाचं अंदाजपत्रक मांडणाऱ्या माणसाच्या मतदारसंघात घराघरांचं अंदाजपत्रक असं पायलीनं मोजलं जात होतं.

पुढचं थोडक्यात. वर भिऱ्याचं टाटांचं वीजकेंद्र १९२७ पासून चालू आहे. मुळशीचं पाणी वीज करून कुंडलिकेत उतरतं. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांत गेलं आणि जिथे कालवा पोचला तिथे उन्हाळी भात आला. मुळशीच्या धरणात ज्यांची शेतं बुडाली, त्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, हेही या पाण्याचा हिशेब मांडताना लिहावं लागतं. मग धाटावची औद्योगिक वसाहत, १९९३ साली रोहा-वीर रेल्वे, १९९९ साली कोलाडहून वेर्ण्याला ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा. घर रोख पैशावर आलं. पगार आला, दुकान आलं, आणि पाठोपाठ हप्ता आला.

आता तुम्ही म्हणाल, मग यातून आज आम्ही काय घ्यायचं? पोपटी लावायची आणि गोधडी शिवायची? जरूर करा, दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण इतिहास सांगतो तो मुद्दा निराळा आहे. काटकसरीत आनंद होता तो तीन गोष्टी असतील तिथे : वर्षाच्या धान्याची खात्री, डोक्यावर न फिटणारं कर्ज नसणं, आणि कष्टांची वाटणी. यातली एक जरी निघाली, तरी तीच काटकसर उपासमार होते, किंवा घरातल्या एका माणसाची शिक्षा होते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे खरंच, पण अंथरूण कुणी आखूड केलं, हेही विचारावं.

आणि आज कोलाडच्या आसपास रस्त्याकडेची जमीन विकली जाते आहे. विकणाऱ्याच्या हाती एकरकमी पैसा येतो. मुलाचं शिक्षण, आजारपण, घर, अशी कारणं खरी असतात, त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्या जमिनीबरोबर वालाचं शेत जातं, बांधावरचा भांबुर्डा जातो, वलगणीची वाट जाते. ज्या गोष्टींना किंमत नव्हती, म्हणून ज्या फुकट होत्या, त्या व्यवहाराच्या कागदावर कुठेच लिहिलेल्या नसतात. घर चालवायला दरमहा किती लागतील, हा आकडा मात्र दुसऱ्या दिवसापासून वाढतो. सौदा करण्याआधी घरच्या बाईला एकदा बसवून तो हिशेब पायलीत आणि रुपयांत, दोन्ही रकान्यांत मांडावा, एवढंच आमचं सांगणं.

इथे थांबतो. आपल्या घरी आगोटीच्या भरणीची जुनी यादी, खर्चाची वही, मनीऑर्डरची पावती असेल तर ती रद्दीत देऊ नका. इतिहासाला ती लागते.