काळ्या पाण्यावरची सुट्टी

ज्यांनी बँकेच्या कॅश काउंटरवर वर्षानुवर्षे नोटांच्या गड्ड्या मोजल्या, त्यांना जुनी वीस रुपयांची लालसर नोट चांगली आठवत असेल. तिच्या मागच्या बाजूला नारळाची झाडं, निळं पाणी आणि लांबवर एक किनारा होता. ते चित्र अंदमानातलं. माऊंट हॅरिएट नावाच्या टेकडीवरून समोरच्या नॉर्थ बेकडे पाहिलं की जे दिसतं, तेच नोटेवर छापलं होतं. आता नव्या हिरवट नोटेवर आपलं वेरूळ आलं आहे. पण त्या लाल नोटेने देशाच्या खिशाखिशात अंदमानचं निसर्गचित्र पोचवलं, हे खरं.

नोटेवर जे नव्हतं, ते मात्र सांगायला हवं. याच माऊंट हॅरिएटच्या पायथ्याशी, होपटाऊनच्या धक्क्यावर, ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी शेर अली नावाच्या कैद्याने हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचा सुरा खुपसून खून केला. सहलीच्या फोटोत येतो तो हाच किनारा.

आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच कुटुंबांनी अंदमान पाहिलं आहे. बँकवाल्यांची एल.एफ.सी., सरकारी नोकरांची एल.टी.सी. आणि विमानप्रवासाची खास सवलत, यामुळे ही बेटं आपल्या आवाक्यात आली. नाही तर आष्टीतल्या माणसाचा समुद्राशी काय संबंध? आपल्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं आणि नदीचं. संपादक मंडळींनी इतिहासावर लिहा म्हटलं, तेव्हा मला वाटलं की किल्ले-राजवाड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण जिथे सुट्टी घालवायला जातो, त्या जागेचा इतिहास सांगावा.

बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेली ही माळ. लहानमोठी बेटं आणि खडक मिळून संख्या आठशेच्या वर जाते. वस्ती मात्र तीसेक बेटांवरच. इंग्रजांनी १७८९ मध्ये लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअरच्या हाताखाली पहिली वसाहत केली. रोगराईने माणसं मरू लागली म्हणून १७९६ मध्ये ती मोडली. मग साठ वर्षं कोणी फिरकलं नाही. १८५७ च्या उठावानंतर तुरुंग भरले, तेव्हा सरकारला ही बेटं पुन्हा आठवली. १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला आणि 'काळं पाणी' सुरू झालं. समुद्र ओलांडला की जात गेली, घर गेलं, गाव गेलं, अशी त्या काळची समजूत. शिक्षा देणाऱ्यांनाही ती ठाऊक होती.

जंगल तोडायचं काम कैद्यांकडूनच झालं. सेल्युलर जेल पुढे, १८९६ ते १९०६ या काळात बांधलं गेलं. मधे मनोरा आणि त्याच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोणाला कोणाचा चेहरा दिसू नये. जवळजवळ सातशे कोठड्या, प्रत्येकीत एकच माणूस. बाबाराव सावरकर तिथे होतेच. ४ जुलै १९११ रोजी विनायकराव आले आणि १९२१ च्या मे महिन्यापर्यंत दोघे भाऊ तिथे होते. कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, हे आपण 'माझी जन्मठेप' मध्ये वाचलं आहे. पण तिथे फक्त मराठी माणसं नव्हती. बंगालचे, पंजाबचे, संयुक्त प्रांताचे, कितीतरी होते. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नमोदास हे तिघं गेले. नळीने जबरदस्तीने दूध पाजताना. आत शिरल्यावर त्यांची नावंही शोधून वाचावीत.

आता आपल्या जिल्ह्याचा धागा. जुलै १९३७ मध्ये अंदमानातल्या राजकैद्यांनी पुन्हा उपोषण धरलं. मागणी अशी की आम्हाला मुख्य भूमीवर न्या. देशभर सभा झाल्या. रवींद्रनाथांनी आवाहन केलं, आणि गांधीजींनीही तारेने कैद्यांना उपोषण सोडण्याची विनंती केली. त्या वेळी गांधीजींचा मुक्काम कुठे? आपल्याच सेगावात, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं. कैद्यांनी ऐकलं, आणि १९३८ च्या सुरुवातीपर्यंत राजकैदी परत आणले गेले. अंदमानची कोंडी फुटण्यात वर्ध्याचा एवढा वाटा आहे.

आणि आष्टी? १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या आपल्या माणसांवर गोळ्या चालल्या. ते सगळं मी इथे पुन्हा सांगत नाही. दर नागपंचमीला आपण हुतात्म्यांना वंदन करतोच. नंतर खटले झाले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी जिवाचं रान केलं. मुलं कधी कधी विचारतात, आष्टीवाल्यांना अंदमानला का नाही पाठवलं? तर राजकैदी तिथे पाठवणं १९३८ मध्येच थांबलं होतं. शिवाय त्या वर्षी अंदमान इंग्रजांकडे राहिलंच नव्हतं. २३ मार्च १९४२ ला जपान्यांनी ते घेतलं होतं. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. पण महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ ला, त्याच जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून चव्वेचाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आम्हा बँकवाल्यांना 'लीव्ह' हा शब्द फार जिव्हाळ्याचा. कॅज्युअल लीव्ह, प्रिव्हिलेज लीव्ह, लीव्ह फेअर कन्सेशन. अंदमानच्या इतिहासात हाच शब्द भेटला तेव्हा मी थबकलो. तिथे साधारण दहा वर्षं सक्तमजुरी नीट केलेल्या कैद्याला 'टिकट ऑफ लीव्ह' मिळायचं. म्हणजे रजेचं तिकीट. घरी जायची रजा नव्हे हो. बेटावरच स्वतःची झोपडी बांधायची, जमीन कसायची, लग्न करायचं, पण बेट सोडायचं नाही. या लोकांची मुलंबाळं तिथेच वाढली. कोणी पंजाबी, कोणी मद्रासी, कोणी बंगाली. बोलायला सगळ्यांची मिळून हिंदुस्थानी. जात-प्रांत मागे पडले. आज पोर्ट ब्लेअरला (आता सरकारी नाव श्री विजयपुरम) आपल्याला हिंदीत 'आइए साहब' म्हणणारा रिक्षावाला कदाचित त्यांच्यापैकीच कोणाचा पणतू असेल. आपली सुट्टी त्यांच्या त्या 'रजे'वर उभी आहे.

ज्या हॅवलॉक आणि नील बेटांवर आपण समुद्रस्नान करतो (आता स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप), तिथे फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित वसवले गेले. त्यांनी जंगल साफ करून गावांना नावं दिली सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, राधानगर. घरदार गमावलेल्या माणसांनी रामायण आणि राधाकृष्ण सोबत आणले होते. राधानगरच्या किनाऱ्यावर फोटो काढताना हे नाव कोणी दिलं असेल, एवढं तरी मनात यावं.

या सगळ्यांच्याही आधीचे लोक म्हणजे जारवा, ओंगी, सेंटिनली, ग्रेट अंदमानी. बाहेरच्यांच्या रोगांनी ते फार कमी उरले. बाराटांगच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या पोलिसांच्या ताफ्यातून सोडतात. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही. कोणी ड्रायव्हर 'दाखवतो साहेब' म्हणाला, तर नको म्हणा. माणसं ही प्रेक्षणीय स्थळं नसतात.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द. नोव्हेंबर संपल्यावर ते एप्रिलपर्यंत जावं. पावसाळ्यात बोटी रद्द होतात. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पहाटे लवकर निघावं. किनाऱ्यावरचं पोवळं उचलून आणू नये, तो गुन्हा आहे. आणि मुख्य म्हणजे, टूरवाले सेल्युलर जेलला तासभर देतात, तो कमी पडतो. सातपैकी तीनच इमारती आता उरल्या आहेत. आवारात सरकारी रुग्णालय आहे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण केली. तिथे अर्धा दिवस ठेवा. नातवंडांना एका कोठडीत दोन मिनिटं उभं करा, वरचा झरोका दाखवा, काही बोलू नका. मग खुशाल पाण्यात डुंबा, नारळपाणी प्या. तसं केलं म्हणून काही पाप लागत नाही. माणसांनी मोकळेपणाने हिंडावं म्हणूनच तर तो सगळा खटाटोप होता.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण एकेक हप्ता भरून ही घरं उभी केली. दाराला कडी आतून लावता येणं, ही किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरून कडी लागणाऱ्या कोठड्या पाहिल्यावर कळतं. पुढच्या वर्षी सोसायटीची सहल काढायचा विचार चालला आहे, असं ऐकतो. अंदमानचं ठरलं, तर नागपंचमीला हुतात्मा स्मारकावर जाऊन मुलांना आधी आपल्या गावाची गोष्ट सांगा, मग तिथली त्यांना आपोआप समजेल.