स्वस्त मॅन्युअल फ्लॅश निवडताना

प्रकाशाची मात्रा छायाचित्रकार स्वतःच्या हाताने ठरवतो, त्या फ्लॅशला मॅन्युअल फ्लॅश म्हणतात. टीटीएल पद्धतीच्या फ्लॅशमध्ये छायाचित्र टिपण्याच्या क्षणभर आधी एक क्षीण झोत सोडला जातो, तो कॅमेरा भिंगातून मोजतो आणि त्यानुसार मुख्य झोताची मात्रा ठरवतो. मॅन्युअल फ्लॅशमध्ये ही सोय नसते. पूर्ण शक्ती, निम्मी, पाव असे टप्पे असतात आणि चांगल्या फ्लॅशमध्ये ते १/१२८ पर्यंत खाली उतरतात. एवढ्या एका उणिवेमुळे किमतीत मोठा फरक पडतो. कॅमेरा कंपनीच्या वरच्या श्रेणीतील फ्लॅशला पाच आकडी रक्कम मोजावी लागते, तर गोडॉक्स, योंगनुओ, सिम्पेक्स यांसारख्या नावांचे मॅन्युअल फ्लॅश काही हजारांत मिळतात. प्रकाशाची जात मात्र दोहोंत फारशी वेगळी नसते.

तरीही हा फ्लॅश प्रत्येकाच्या कामाचा नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो; व्यक्ती दुप्पट दूर गेली की तिच्यावर चौथाई प्रकाश पडतो. वरातीत, अक्षता पडताना किंवा मुलांच्या मागे धावताना अंतर क्षणाक्षणाला बदलते आणि दर वेळी बटणे दाबत बसण्यास सवड नसते. लग्नकार्याची कामे घेणाऱ्याने निदान एक टीटीएल फ्लॅश बाळगावा हेच बरे. उलट व्यक्तिचित्रे, विक्रीच्या वस्तू, खाद्यपदार्थ, घरातील गणपतीची आरास अशा विषयांत अंतर स्थिर असते. तेथे एकदा जुळवलेली मात्रा शंभर छायाचित्रांत तीच राहते, आणि टीटीएलचा अंदाज पांढऱ्या किंवा काळ्या वस्त्रांमुळे चुकतो तसा येथे चुकत नाही.

फ्लॅशची ताकद ‘गाइड नंबर’ने सांगतात. हा आकडा अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागला की फ्लॅश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ असेल, तर एफ/४ ला नऊ मीटर आणि एफ/८ ला साडेचार मीटर. हिशेब सोपा आहे. घोळ आहे तो खोक्यावरच्या आकड्यात. फ्लॅशचे डोके झूम केले की झोत अरुंद होतो आणि आकडा फुगतो. कॅननचा ५८०ईएक्स हा २००४ साली आलेला नामांकित फ्लॅश. त्याच्या नावातील ५८ हा आकडा १०५ मिलिमीटरच्या झूमचा आहे. ३५ मिलिमीटरला तोच फ्लॅश ३६ वर येतो. गोडॉक्सच्या टीटी६०० चा ६० हा आकडा तर २०० मिलिमीटरचा आहे. तेव्हा ६० मोठा आणि ५८ लहान असे समजून खरेदी करणे व्यर्थ. तुलना करायची ती दोन्ही फ्लॅशच्या ३५ मिलिमीटरच्या आकड्यांची. काही ठिकाणी गाइड नंबर फुटांत दिलेला असतो, तो मीटरच्या तिपटीहून अधिक दिसतो.

यापेक्षाही गंभीर अडचण कॅमेऱ्याच्या डोक्यावरील हॉट शूमध्ये दडलेली असते. मॅन्युअल फ्लॅशला पेटण्याचा इशारा शूच्या मधोमध असलेल्या एका मोठ्या धातूच्या ठिपक्यातून मिळतो. कॅननने ३०००डी, २००डी मार्क २ आणि १५००डी या प्राथमिक श्रेणीच्या कॅमेऱ्यांतून हा मधला ठिपका काढून टाकला. स्वस्त फ्लॅश शोधणारा ग्राहक बहुधा हेच कॅमेरे वापरणारा असतो, ही यातील विसंगती! अशा कॅमेऱ्यावर साधा मॅन्युअल फ्लॅश बसतो, त्याचा दिवाही लागतो, पण शटर दाबल्यावर तो पेटत नाही. आणि फ्लॅश सदोष असल्याचा समज होतो. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याचा शू डोळ्यांनी पाहावा. ठिपका नसल्यास फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून, ‘स्लेव्ह’ अवस्थेत, कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशने पेटवता येतो. त्यासाठी फ्लॅशमध्ये एस२ ही सोय हवी, कारण ती टीटीएलचा पूर्वझोत सोडून मुख्य झोतालाच दाद देते. सोनीच्या २०१२ पूर्वीच्या अल्फा डीएसएलआर कॅमेऱ्यांचा शू मिनोल्टापासून चालत आलेल्या वेगळ्या घडणीचा असल्याने त्यात साधा फ्लॅश बसतच नाही.

जुन्या बाजारातील फ्लॅश आणखी स्वस्त पडतात, पण तेथे धोका कॅमेऱ्याला असतो. सत्तरच्या दशकातील व्हिव्हिटार २८३ आजही वाखाणला जातो. मात्र त्याच्या सुरुवातीच्या काही प्रतींत शूच्या टोकांवर दोनशेहून अधिक व्होल्टचा दाब आढळतो. फिल्मच्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचे काही वाटत नसे. ३००डीसारख्या कॅननच्या सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांची मर्यादा अवघी ६ व्होल्टची होती. जुना फ्लॅश पूर्ण भारित करून मधला ठिपका आणि शूची कड यांच्यात मल्टिमीटर लावला की आकडा समजतो. फ्लॅश उघडून दुरुस्ती करण्याचा मोह मात्र टाळावा. आतील कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो.

नव्या फ्लॅशमध्ये अंगचा रेडिओ रिसीव्हर असावा. टीटी६०० आणि योंगनुओच्या वायएन५६० मालिकेतील तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीत तो आहे. थोडे जास्त पैसे गेले तरी ते येथेच जावेत, कारण फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवल्याशिवाय चेहऱ्याला उठाव येत नाही. दोन कंपन्यांच्या रेडिओ पद्धती एकमेकींशी बोलत नाहीत, हे ध्यानात ठेवून पहिल्याच खरेदीत कंपनी ठरवावी. शटरचा वेग बहुतेक डीएसएलआरमध्ये १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या वर नेता येत नाही. नेल्यास चौकटीत काळा पट्टा उमटतो.

डोके वर आणि बाजूला वळणारेच घ्यावे. घराच्या पांढऱ्या छतावरून परतवलेला प्रकाश सर्वांत मऊ असतो. मंगल कार्यालयाचे छत उंच असल्यास तेथे ही युक्ती चालत नाही, आणि मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडावरून परतलेला प्रकाश वधूवरांना कावीळ झाल्यासारखे दाखवतो.

सेल रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे, एए आकाराचे वापरावेत. त्यांचा दाब १.२ व्होल्ट असला तरी ते प्रवाह वेगाने देतात आणि फ्लॅश लवकर पुन्हा तयार होतो. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल भूलचुकीने घातल्यास फ्लॅश जळू शकतो. दुकानात पूर्ण शक्तीवर आठ-दहा झोत लागोपाठ मारून पाहावेत, प्रत्येक झोतानंतर तयारीचा दिवा किती वेळाने लागतो ते मोजावे, आणि डोक्याच्या बिजागरीला सैलपणा नाही ना, हेही तपासावे. पावसाळ्यात फ्लॅश पडून राहणार असेल, तर सेल काढून ठेवावेत.