माकडतापात माकडाचा दोष किती?

काजूचा हंगाम सुरू होता. वर्गात एका मुलाने विचारले, "सर, सगळी माकडं मारून टाकली तर माकडताप जाईल ना?" त्याची खाला सिंधुदुर्गात काजूच्या बागेत बिया वेचायला जाते. बाकीची मुले हसली. मला मात्र नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन वाचत बसलो.

ही गोष्ट १९५७ सालची. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ जंगलात लाकूडफाट्याला जाणारी माणसे तापाने फणफणली. कुणाच्या नाकातून, कुणाच्या हिरड्यांतून रक्त येई. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तिथल्या शास्त्रज्ञांना पहिली शंका आली पीतज्वराची, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वरानेही माकडे अशीच मरतात. तपासात विषाणू नवा निघाला, पण घराणे तेच: फ्लेविव्हिरिडी. आपल्या ओळखीचा डेंग्यूही याच घराण्यातला. नव्या विषाणूचे जवळचे भाऊबंद होते रशियात, सायबेरियात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींबरोबर तो आला असेल का, हे पाहण्यासाठी सलीम अली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांची मदत घेतली गेली.

विषाणू वाहून नेणारी खरी गोचीडच. पालापाचोळ्यात तिची बारीक पिल्ले असतात. ती उंदरांना चावतात, माकडांना चावतात आणि वाटेत आलेल्या माणसालाही. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. माकड तर आपल्याआधी मरते. ते मेले की अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपास पसरतात आणि ती जागा धोक्याची होते. म्हणजे माकडे मारली तर धोका उलट वाढेल! मेलेले माकड दिसणे हा आपल्यासाठी इशारा आहे. त्याला हात न लावता आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवावे.

मग दोष कुणाचा? १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी भागात मोठी साथ आली, तीही काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर. अनेक दशके हा आजार कर्नाटकापुरताच मानला जाई. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरीत दिसला आणि २०१६ साली आपल्या दोडामार्गात. रुग्णांत काजूच्या बागांत राबणारे पुष्कळ होते. डिसेंबर ते मे हा गोचिडीच्या पिल्लांचा काळ आणि त्यातच काजूचा हंगाम. पोट भरायला बागेत गेलेल्या बाईला 'तू जंगलात जाऊ नकोस' असे सांगून काय उपयोग? या तापावर खास औषध नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला गोचीड पळवणारे तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि ताप येताच रक्ताची तपासणी, एवढेच हाती आहे.

साथ आली की आपण आधी गुन्हेगार शोधतो. कधी माकड सापडते, कधी शेजारचा माणूस. आपल्या समाजाने तर २०२० साली हे फार जवळून पाहिले आहे. म्हणून त्या मुलाचा प्रश्न मला लागला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गोचीड काढून दाखवली. फळ्यावर, खडूने. मग त्या मुलाला म्हटले, "खालाला फोन लाव आणि लांब बाह्यांचा सदरा घालायला सांग."