पावसाचें माप

पाऊस मोजण्याची कल्पना आजकालची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, कोठाराजवळ हातभर रुंद तोंडाचें कुंड ठेवून पर्जन्य मोजावा, असें सांगितलें आहे. कोणतें धान्य पेरावें हें त्या मापावरून ठरे. पुढें इ. स. १८६४ चें कलकत्त्याचें चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसांतील भीषण दुष्काळ यांसारख्या आपत्ती हिंदुस्थानावर कोसळल्या. त्यानंतर १८७५ सालीं हवामान खातें स्थापन होऊन ठिकठिकाणचीं निरीक्षणें एका छत्राखालीं आलीं.

हेंच माप प्राथमिक शाळेंतील मुलांना अंगणांत स्वतः घेतां येतें. उभ्या सरळ बाजूंचीं दोन भांडीं, एक अरुंद व एक रुंद, उघड्यावर ठेवावीं. रुंद भांड्यांत पाणी अधिक सांचतें. परंतु पट्टी लावतांच उंची दोहोंत सारखीच भरते! मुलें चकित होतात. मग एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी, हें त्यांना सहज उमगतें.

पाऊस चुकल्याची किंमत ज्या देशानें दुष्काळांत मोजली, तेथें मुलाच्या वहींतील हा रोजचा आंकडा क्षुल्लक मानतां येणार नाहीं.