बेवारस धन आणि राजधर्म

कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात एक छोटा प्रसंग आहे. समुद्रमार्गे व्यापार करणारा धनमित्र जहाज बुडून मरण पावतो. त्याला मूल नाही, म्हणून त्याचे धन राजाकडे जमा व्हावे, असे अमात्य लिहून कळवतो. दुष्यंत मात्र आधी विचारतो, की त्याच्या पत्नींपैकी कोणी गर्भवती आहे काय? तशी एक निघते, आणि ते धन तिच्या पोटातील अपत्याचे ठरते. रसिकांचे लक्ष येथे निपुत्रिक राजाच्या शोकाकडे जाते, ते योग्यच. परंतु आम्हांस येथे राजधर्माचे एक सूत्रही दिसते: बेवारस धन घेण्याचा अधिकार ज्याचा, वारस शोधण्याचे कर्तव्यही त्याचेच.

इतिहासात या सूत्राची कसोटी अहिल्याबाई होळकरांच्या दरबारी लागली. नगर जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार पाहिला. जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात देवीचंद सावकाराची हकीकत येते. तो निपुत्रिक वारला, तेव्हा इंदूरजवळ तळ देऊन असलेल्या तुकोजी होळकरांनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. त्याच्या विधवेने महेश्वर गाठले. बाईंनी वस्त्रे देऊन तिला घराची व मालमत्तेची धनीण ठरवले आणि तुकोजींना तळ हलवण्याचा हुकूम धाडला. माल्कमने हे सारे बाईंच्या पश्चात लिहिले, तेव्हा त्यात गौरवाचा रंग मिसळला असणे शक्य आहे. तरी प्रजेने त्यांची आठवण कशासाठी जपली, हे त्यावरून कळते. पुढे पाव शतकाने डलहौसीने औरस वारस नाही या सबबीवर १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी खालसा केली!

आज काय स्थिती आहे? वारसच नसेल तर मालमत्ता सरकारजमा, हा नियम १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही आहे. वारस असूनही पडून राहिलेल्या पैशाची गोष्ट निराळी. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम बँका, सहकारी बँकासुद्धा, रिझर्व्ह बँकेच्या २०१४ पासूनच्या ठेवीदार निधीत भरतात. तेथे वारसाचा हक्क बुडत नाही. मूळ बँकेकडे ओळखीची व वारसाची कागदपत्रे देऊन ती रक्कम मागता येते. २०२३ साली सुरू झालेल्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर तिचा शोधही घेता येतो. पोस्टातील अल्पबचत, भविष्यनिर्वाह निधी व विमा यांतील दीर्घकाळ पडून असलेल्या रकमा मात्र ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात, आणि तेथे २५ वर्षांत कोणी न आल्यास सरकारच्या होतात.

म्हणजे हक्क शाबूत आहे, पण शोधाचे ओझे वारसावर आहे. २०२५ च्या अखेरीस केंद्र सरकारने यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेतली, हे स्वागतार्हच. पण तेथेही आधी वारसाला ठाऊक हवे, की आपले काही पडून आहे. खाते माहेरच्या नावाने, कागद सासरच्या नावाने, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक दप्तरात वेगळे, अशी अनेक घरांची अवस्था असते. २०२४ पासून जिल्ह्याने अहिल्याबाईंचे नाव धारण केले आहे. त्या नावाचे चीज व्हायचे, तर विधवेने महेश्वर गाठण्याची वाट न पाहता महेश्वरानेच तिच्या दारी जायला हवे.