कानांनी वाचलेली आज्ञावली

संगणकाची आज्ञावली ही मुळात अक्षरांची रचना आहे. शब्द, अंक आणि चिन्हे एवढीच तिची सामग्री. जे अक्षरांत मांडता येते, ते बोटांनी चाचपता येते आणि कानांनी ऐकताही येते. म्हणूनच या व्यवसायाचे दार दृष्टिहीनांना उघडले, ते कोणाच्या दयेने नव्हे, तर त्या कामाच्या स्वभावामुळे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत अंध प्रोग्रामर काम करू लागले, तेव्हा संगणकाची उत्तरे कागदावर छापून येत. ती वाचायची कशी? छपाईयंत्राकडून पूर्णविरामाची टिंबे उमटवून घ्यावयाची आणि कागदामागे मऊ पट्टी लावावयाची, की टिंबांना उठाव येऊन ब्रेल लिपी तयार होई. डोळसांसाठी घडविलेले यंत्र अशा साध्या युक्तीने बोटांशी बोलू लागले.

पुढे एकाच आज्ञावलीवर अनेकांनी मिळून काम करण्याची पद्धत रूढ झाली. एकाने केलेला बदल दुसऱ्यास कळावा यासाठी १९७४ मध्ये युनिक्स प्रणालीत ‘डिफ’ हे साधन आले. दोन प्रतींतील फरक ते ओळीओळीने सांगे. कालांतराने वाढविलेल्या ओळीपुढे अधिक आणि गाळलेल्या ओळीपुढे वजा, अशी मांडणी सर्वमान्य झाली. असे फरक ई-मेलने एकमेकांकडे जात. पाहणाऱ्यास जे मिळे, तेच ऐकणाऱ्यासही मिळे. दोघांचे आसन एकाच पंक्तीत होते.

१९९० च्या सुमारास पडद्यावर चित्रे आणि खिडक्या अवतरल्या आणि ही पंक्ती मोडली. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे ‘जॉज’ हे साधन १९८९ मध्ये निघाले होते. परंतु नुसत्या चित्राला नावच नसेल, तर ते वाचणार काय?

या प्रश्नाला एक मूलगामी उत्तर पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांनी दिले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुण्याचे वाडिया महाविद्यालय आणि मुंबईची आय. आय. टी. येथे शिकून ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९९५ मध्ये त्यांनी ‘इमॅक्सस्पीक’ प्रसिद्ध केले. पडद्यावर काय दिसते हे सांगण्याऐवजी मजकुराचा अर्थ ते आवाजातून व्यक्त करी. आज्ञावलीतील शेरा एका आवाजात, राखीव शब्द दुसऱ्या आवाजात. डोळ्यांना जे काम रंग करून देतो, ते कानांना स्वराने करून दिले.

२००५ मध्ये ‘गिट’ आणि २००८ मध्ये ‘गिटहब’ आले आणि जगभरच्या प्रोग्रामरांची चर्चा संकेतस्थळांवर होऊ लागली. तेथे बदल हिरव्या-तांबड्या रंगांनी दाखविण्याची प्रथा पडली. अशा पानावर रंगांसोबत शब्द वा चिन्ह नसेल, बटणावर चित्र असून नाव नसेल, तर अंध प्रोग्रामर एकट्याने उत्तम आज्ञावली लिहू शकतो, पण सहकाऱ्यांच्या चर्चेला मुकतो. आणि या व्यवसायात चर्चेला मुकणे म्हणजे हळूहळू उपजीविकेलाच मुकणे होय.

ही उणीव भरून काढण्यात अंध प्रोग्रामर स्वतः पुढे होते. ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ‘एन.व्ही.डी.ए.’ हे विनामूल्य वाचक-साधन सुरू केले. त्याची आज्ञावली सर्वांना खुली असून तिच्यावरील सामुदायिक काम आज गिटहबवरच चालते. २०१५ मध्ये आलेल्या ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’मध्ये आता बदल एकेक करून ऐकण्याची स्वतंत्र सोय आहे, वाढलेल्या ओळीचा ध्वनी वेगळा, गाळलेल्या ओळीचा वेगळा.

अर्धशतकापूर्वीचा ओळीओळीचा हिशेब असा नव्या ध्वनीने परत आला. अडचण माणसाच्या डोळ्यांत किती आणि त्याच्या हाती दिलेल्या साधनात किती, याचे उत्तर या इतिहासाने देऊन ठेवले आहे. नवे साधन घडविणाऱ्याने ते आरंभीच विचारात घ्यावे, इतकेच मागणे आहे.