गवताची पेंढी आणि सरकारचा कायदा

मंडळी, मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचललं आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. आपल्याकडे १२ मे रोजी शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही गेले. पण समुद्र काही सगळ्यांच्या दारात नसतो. यवतमाळच्या नाहीतर बागलाणातल्या शेतकऱ्यानं मीठ करायचं कुठं? शिवाय पाऊस लागला की मिठागरं बंद. मग चळवळ काय चार महिने झोपून राहणार?

याचं उत्तर गावाच्या शिवेवरच उभं होतं. ते म्हणजे राखीव जंगल.

१८७८ च्या कायद्यानं सरकारनं मोठमोठी जंगलं राखून ठेवली. १९२७ साली तो कायदा नव्यानं झाला. ज्या डोंगरावर आज्या-पणज्यांनी गुरं चारली, तिथं आता चराईची फी आली. परवानगीवाचून गवत कापलं की गुन्हा. जनावर हद्दीत शिरलं की कोंडवाडा. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातही या जंगल खात्याच्या जाचाची तक्रार आहे. म्हणजे दुखणं जुनंच होतं. त्यावर इलाज सापडला तो १९३० च्या पावसाळ्यात.

मे महिन्यात काँग्रेसच्या कार्यकारिणीनं महाराष्ट्र, कर्नाटक आणि मध्य प्रांतात जंगलचा कायदा मोडायला संमती दिली. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करून घेतली. संगमनेर, बागलाण अशी एकेक ठिकाणं पेटली. बिळाशीच्या लोकांनी तर जंगलातलं झाड तोडून त्याचाच ध्वजस्तंभ केला आणि गावात निशाण उभारलं.

यातली मेख ध्यानात घ्या. चोर रात्री जातो, सत्याग्रही दिवसाढवळ्या जातो. आधी सांगून जातो, गवत कापतो आणि पळून न जाता तिथंच उभा राहतो. एक तुकडी पकडली की दुसरी पुढं. जंगल केवढं आणि गार्ड किती! कायदा चालत होता तो लोकांच्या धाकावर. ज्याला तुरुंगाचं भय उरलं नाही, त्याला तुरुंगाची भीती कशी घालणार?

गुरुजी, वर्गात एखादा मुलगा विचारील, ‘मुकाट्यानं मार खायचा, हा भित्रेपणा नाही का?’ त्याला सांगा, भित्रा माणूस गवत कापायलाच जात नाही.

पण ही वाट सोपी होती असंही सांगू नका. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला, आक्कादेवीच्या टेकडीवर लोक जमले. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मे झाले. त्या दिवशीच्या दंगलीत मामलेदारही प्राणाला मुकले. एवढ्या गर्दीत, बंदुकीसमोर, प्रत्येकाचा हात आवरलेला ठेवणं किती अवघड, हे चिरनेर शिकवतं. शिस्त हेच सत्याग्रहाचं बळ. ती सुटली की सरकारला आपली बंदूक योग्य ठरवायला निमित्त मिळे. म्हणून हुतात्म्यांना वंदन करताना ही बाजूही मुलांना सांगावी.

आता कोणी म्हणेल, मिळालं काय? ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानं, जिथं मीठ होतं तिथल्या गावांना घरापुरतं मीठ करण्याची मुभा मिळाली. जंगलचा कायदा मात्र उठला नाही. स्वराज्य आलं तरी तो राहिलाच. गावांचा जंगलावरचा हक्क मान्य करणारा कायदा व्हायला २००६ साल उजाडलं. त्यानंतर २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला.

तेव्हा १९३० च्या त्या पेंढीनं कायदा बदलला असं म्हणता येणार नाही. पण कायदा न्यायाचा आहे की नाही, हे विचारायला गावकरी ताठ उभा राहू शकतो, एवढं तिनं दाखवून दिलं. तुमच्या शिवारातही जंगलच्या हद्दीचा दगड असेल. मुलांना एकदा तिथवर घेऊन जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आईबापांकडून त्या दिवसांचं काही ऐकलं असेल, तर तेही लिहून घ्या.